आईचं लोह मी वाढवलं, बरंचसं

माझ्या आईच्या रक्तातलं लोह मी वाढवलं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते वाचताना माझी ही कामगिरी तुमच्या लक्षातून निसटण्याची शक्यता आहे. आमच्या घरात ती केव्हाच निसटली.

मी नववीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’सुद्धा असं पुटपुटायचे की बाईंनी तीनदा माझी गैरहजेरी लावली होती, आणि मी पहिल्या बाकावर बसत होते. यंदा मात्र ‘आहारातील लोह’ या विषयावर पाच मिनिटं बोल म्हणाल्या, तर मी बावीस मिनिटं बोलले. तास संपला तरी बोलत होते. शेवटी बाई म्हणाल्या, “पुरे गं, आता मुलांना डबा खाऊ दे.” कडकडून टाळ्या पडल्या. त्या टाळ्या भाषण संपल्याच्या आनंदाच्या होत्या असं माझी मैत्रीण म्हणते. पण ती जळते माझ्यावर.

नेमका त्याच आठवड्यात आईचा रिपोर्ट आला.

आई बसवर कंडक्टर आहे. चौदा वर्षं झाली. आणि चौदा वर्षं तिला ड्रायव्हर व्हायचंय. दुसऱ्याच्या गाडीत मागे बसली तरी उजव्या पायाने ब्रेक दाबत असते. परवाना तिने कधीच काढून ठेवलाय. यंदा आगारातून ड्रायव्हरच्या प्रशिक्षणासाठी तीन नावं वर जाणार होती आणि तिसरं नाव आईचं होतं. अट फक्त वैद्यकीय तपासणीची. हिमोग्लोबिन निदान बारा हवं. आईचं निघालं दहा पूर्णांक एक.

“म्हणून तर जिना चढताना मला धाप लागते,” आई म्हणाली. “मला वाटायचं, जिनाच वाढतोय.”

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, खाण्याकडे लक्ष द्या म्हणाल्या आणि तीन महिन्यांनी परत या म्हणून सांगितलं.

घरी सगळ्यात जास्त धक्का बसला बाबांना. आमच्या घराखालीच बाबांचं वर्कशॉप आहे. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, गोल जिने. आमच्या घरात सांडशीपासून माझ्या पलंगापर्यंत सगळं बाबांनी जोडलेलं आहे.

“माझ्या घरात लोखंड कमी?” बाबा म्हणाले. “लोकांनी ऐकलं तर ऑर्डरी देतील का मला?”

“लोक माझं रक्त तपासून गेट विकत घेतात का?” आई म्हणाली.

बाबांनी तिचं ऐकलंच नाही. ते खाली गेले, दोन दिवस ठोकाठोक केली आणि तिसऱ्या दिवशी एक लोखंडी कढई घेऊन वर आले. म्हणजे ते आणि त्यांचा वेल्डर, दोघं मिळून घेऊन आले. लोखंडाच्या भांड्यात टोमॅटो घालून शिजवलं की थोडं लोह अन्नात उतरतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. पण बाबांना पातळ काही बनवता येत नाही. त्यांच्या हाताला गेटाचं वळण आहे. ती कढई शेगडीवर ठेवली तेव्हा शेगडीचा एक पाय वाकला.

“आता ही घासणार कोण?” आईने विचारलं.

बाबा म्हणाले, “घासायची कशाला? गंज लागेल.” आणि पटकन खाली निघून गेले.

तेव्हा मी सूत्रं हातात घेतली.

मी घरच्यांना समोर बसवलं आणि बावीस मिनिटांचं भाषण आठ मिनिटांत दिलं. तुम्हाला आणखी थोडक्यात सांगते. पालेभाज्यांतलं, डाळींतलं लोह हे एखाद्या संकोची पाहुण्यासारखं असतं. उंबऱ्यापर्यंत येतं, ‘नको, तुम्हाला उगाच त्रास’ म्हणतं आणि आल्या पावली परत जातं. मांसातलं लोह तसं नसतं, ते सरळ आत येऊन कोचावर बसतं. पण आमच्याकडे मांस कुणीच खात नाही. म्हणजे आमचा सगळा कारभार संकोची पाहुण्यांवर. त्यांना हाताला धरून आत आणणारं कुणीतरी लागतं आणि ते काम करतं क जीवनसत्त्व. लिंबू, पेरू, संत्रं, टोमॅटो, ढोबळी मिरची. उलट चहा काय करतो? त्या पाहुण्याला दारातच गाठतो, खांद्यावर हात टाकतो आणि ‘चल, आपण बाहेरच बोलू’ म्हणून घेऊन जातो.

“एवढासा चहा?” आई म्हणाली.

“एवढासा नाही. तू जेवताना पितेस.”

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आगारात जेवायची सुट्टी वीस मिनिटांची. त्यात हात धुवायचे, डबा उघडायचा, खायचा, चहा प्यायचा आणि पुढच्या फेरीची नोंद करायची. त्यामुळे तिथले सगळेच कंडक्टर-ड्रायव्हर एका हाताने जेवतात आणि दुसऱ्या हाताने चहा पितात. एक घास, एक घोट. आई चौदा वर्षं पालकाची भाजी चहाबरोबर खात आली होती. म्हणजे चौदा वर्षं तिचे पाहुणे बाहेरच उभे होते.

मी फ्रिजवर नियम चिकटवले. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी बंद. कडधान्यं भिजवून, मोड आणून. दूध-दही जेवणात नाही, वेगळ्या वेळी. प्रत्येक जेवणात काहीतरी आंबट.

“मग मी चहा पिऊ तरी कधी?” आई म्हणाली.

“दुपारी सव्वातीनला.”

“सव्वातीनला मी मोठ्या पुलावर असते. उभी. पन्नास माणसांच्या मधे.”

“मग पाचला.”

“हे काय तू मला टाइमटेबल लावतेस गं?”

“तुझ्या बसला असतं, मग तुला का नको?”

“बरं बाई, पाच तर पाच,” म्हणत आईने माझं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा! मी ती तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

आई शिस्तीची बाई. एकदा ठरलं की ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात मसुराची उसळ, पालक, ढोबळी मिरची आणि तिकिटांच्या बॅगेत लिंबाच्या चिरलेल्या फोडी. पहिल्याच दिवशी फोडींचा रस गळून तिकिटांच्या गुंडाळीत मुरला. दुपारभर प्रवाशांना ओलसर, आंबट वासाची तिकिटं मिळाली. एक आजोबा तर उतरेपर्यंत तिकीट हुंगत बसले होते आणि उतरताना आणखी एक मागितलं. तेव्हापासून फोडी डबीत.

आठच दिवसांत आगारातली माणसं आईशी एकदम चांगली वागायला लागली. हे मला आईनेच सांगितलं. ती विश्रांतीच्या खोलीत शिरली की कुणीतरी उठून खुर्ची द्यायचं. पंखा तिच्याकडे वळवायचं. एका ड्रायव्हरने तिच्यासाठी घरच्या झाडाचे पेरू आणले. पैशांची जड पेटी तिला कुणी उचलू देईना.

“बघ,” मी म्हटलं, “तू ड्रायव्हर होणार म्हणून आत्तापासूनच मान देताहेत.”

“असेल,” आई म्हणाली. तिला बरंच वाटत होतं.

मग महिनाभराने एक दिवस ती घरी आली आणि बूट न काढताच बसून राहिली. प्रशिक्षणाच्या यादीतून तिचं नाव कापलं होतं.

“साहेबांनी बोलावलं,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघेनात. टेबलावरच्या पेपरवेटशी बोलल्यासारखं बोलत होते. म्हणे, तब्येतीला जपा, या वर्षी दगदग नको, नाव पुढच्या वर्षी घालू. आणि वर पेढे कधी म्हणून विचारलं. नाव कापून पेढे मागतात! अशी माणसं असतात.”

“रक्ताचं कुणी सांगितलं त्यांना?”

“सांगायला कशाला पाहिजे? रिपोर्टची प्रत फाइलीत असते ना.”

आई रडली नाही. ती फक्त उजवा पाय जमिनीवर दाबत बसली होती, ब्रेकवर दाबतात तसा. मला ते बघवेना. मी म्हटलं, “आई, अंतिम यादी जायला अजून दोन महिने आहेत. आपण बारा करून दाखवू, मग नाव कसं कापतात बघू.”

आणि मी मोहीम दुप्पट केली. डबीत फोडी दुप्पट. संत्री. पेरू. सकाळी गोळी लिंबूपाण्याबरोबर. आई आगारात लिंबू चोखतच शिरायची आणि चोखतच बाहेर पडायची. आणि आगारातली माणसं आणखी चांगली वागायला लागली! कुणीतरी तिला पायांखाली ठेवायला छोटं स्टूल आणून दिलं.

इकडे बाबांचं काहीतरी बिघडलं होतं. ते आईला जिन्यावरून हाताला धरून आणायचे. स्वयंपाकघरात येऊन, घसा खाकरून, परत जायचे. एकदा आईच्या पाठीला उशी लावली आणि लाजले. लग्नाला सतरा वर्षं झालेला, हातभर जाड वेल्डिंगचे हातमोजे घालणारा माणूस लाजला. मी घाबरले.

त्या शनिवारी मी बाबांचा डबा घेऊन खाली गेले, तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी उंच झाकलेलं होतं. मी ताडपत्री उचलली. पाळणा. बारीक नळ्यांचा, कडांना वेलबुट्टी, निळा रंग. बाबांनी आयुष्यात बनवलेली पहिली पातळ वस्तू.

“हा कुणाचा?”

“गिऱ्हाइकाचा,” बाबा म्हणाले आणि चष्मा नसतानाही चष्मा वर सरकवला.

“कुठल्या गिऱ्हाइकाचा?”

“तू अभ्यास कर.”

रात्री जेवताना बाबांनी दोनदा घास हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा म्हणाले, “मला एक कळत नाही. सगळ्या आगाराला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगितलं?” आईने विचारलं.

“मला तुमच्या त्या बातमीपत्राने सांगितलं. जाळीची ऑर्डर द्यायला आली होती. मला म्हणाली अभिनंदन, मी म्हटलं कशाबद्दल, तर म्हणाली, अगंबाई, तुम्हालाच माहीत नाही?”

बातमीपत्र म्हणजे आगारातल्या सगळ्यात जुन्या कंडक्टर मावशी. या नावाने त्यांना तोंडावरसुद्धा हाक मारतात आणि त्यांनाही ते आवडतं.

“माहीत काय नाही?” आईने चमचा खाली ठेवला.

“हेच,” बाबा म्हणाले आणि आईच्या पानातल्या लिंबाकडे, मग पेरूकडे, मग छताकडे बघितलं. “चहा सोडलास. दिवसभर आंबट खातेस. डॉक्टरकडे जाऊन येतेस. मला आपलं वाटायचं, लोहासाठीच सगळं. मला काही वाईट वाटलं नाहीये. म्हणजे आनंदच आहे. वय जरा झालंय, पण होईल सगळं नीट. मी तयारी पण सुरू केली.”

आईने बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तिच्या तोंडून आधी एक बारीक आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा, आणि मग ती जी हसायला लागली ती टेबलावर डोकं टेकेपर्यंत हसली. बाबा भांबावून तिला पाणी द्यायला लागले. मी कपाळावर हात मारून घेतला. सगळ्या आगाराची अशी समजूत झाली होती की आईकडे गोड बातमी आहे, आणि बातमी पिकवली होती माझ्या लिंबांनी.

“अहो, लोह आहे ते,” आई डोळे पुसत म्हणाली. “लोह मुरवतेय मी. ही पोरगी मुरवतेय.”

“म्हणजे नाहीच?” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा क्षणभर एवढासा झाला. “मग त्या पाळण्याचं काय करू?”

“तुमची कढई झोपवा त्यात.”

आणि मग आईचं हसू एकदम थांबलं. तिला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. नाव रक्तामुळे कापलं नव्हतं. नाव या बातमीमुळे कापलं होतं. साहेबांनी रिपोर्ट उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

“मी उद्याच जाऊन सांगते,” आई म्हणाली. “पण काय सांगू? साहेब, मी तशी नाहीये? शी. त्या माणसासमोर मला नाही जमायचं. तो पेपरवेटकडे बघेल आणि मी खिडकीकडे.”

“मी सांगते,” मी म्हटलं. “लिंबू माझं होतं.”

गेल्या वर्षीची मी असते तर आगाराच्या फाटकावरूनच परत आले असते. यंदाची मी सोमवारी शाळा सुटल्यावर, गणवेशात, गुंडाळलेला तक्ता काखेत मारून थेट आगारप्रमुखांच्या खोलीत शिरले. आई मागे दारात उभी राहिली. तिच्या मागे बातमीपत्र. त्यांच्या मागे ज्यांची फेरी सुटायची होती ते सगळे.

साहेब तेव्हा कुठे जेवायला बसले होते. समोर डबा, डाव्या हातात चहाचा ग्लास.

“बस बाळ,” ते म्हणाले. “आईला आरामाची गरज आहे ना, म्हणून आलीस का? चहा घेशील?”

“सर, तो ग्लास आधी खाली ठेवा,” मी म्हटलं.

त्यांनी ठेवला. का ठेवला ते त्यांनाही कळलं नसावं. मी त्यांच्या टेबलावर तक्ता पसरला, पेपरवेट उचलून त्याच्या कोपऱ्यावर ठेवला, म्हणजे त्यांना माझ्याकडेच बघावं लागलं, आणि सुरुवात केली. संकोची पाहुणा, उंबरा, क जीवनसत्त्व, चहा. डाळ, मोड, मसूर, पालक. एक घास, एक घोट. मधे एकदा साहेबांनी स्वतःच्या डब्यातल्या भाजीकडे पाहिलं आणि ग्लास आणखी लांब सरकवला.

“म्हणजे,” ते शेवटी म्हणाले, “तुझी आई लिंबू खाते ते...”

“लोहासाठी.”

“आणि चहा सोडला तो...”

“लोहासाठी.”

“आणि ते दुसरं...”

“ते दुसरं नाहीच आहे, सर.”

साहेब कानापर्यंत लाल झाले. दारातून बातमीपत्राचा आवाज आला, “मी ‘बहुतेक’ असं म्हटलं होतं हो. सगळ्यांनी ‘बहुतेक’ गाळलं.”

“माफ करा, बाई,” साहेब आईला म्हणाले. “मला वाटलं, मी तुमच्या भल्याचं करतोय.”

“पुढच्या वेळी मला विचारून करा,” आई दारातूनच म्हणाली. ती खिडकीकडे बघत नव्हती.

नाव परत घालायला साहेब तयार झाले, पण यादी आता लवकर जाणार होती. शुक्रवारी. त्याआधी बारा हवं. तीन महिन्यांची मुदत होती, झाले होते नऊ आठवडे.

गुरुवारी आई, बाबा आणि मी दवाखान्यात गेलो. आईचं बोट टोचलं, नळीतून रक्तही घेतलं. आई बाकावर बसून ब्रेक दाबत होती. बाबा दवाखान्याच्या खिडकीची जाळी हलवून बघत होते आणि “कच्चं काम” म्हणत होते. मी घामाघूम झाले होते. मी नापास झाले तर फेरपरीक्षा असते. आईला नव्हती.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. “बारा पूर्णांक दोन.”

बाबांनी जाळी सोडली. आईचा उजवा पाय हळूच वर आला. ब्रेकवरून ॲक्सिलेटरवर, असं माझं म्हणणं आहे.

“हे माझ्या लिंबांमुळे,” मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. नम्रपणे सांगितलं.

“लिंबाने मदत झालीच,” त्या म्हणाल्या. “पण मुख्य काम गोळ्यांनी केलं. पण काय हो, गोळ्या तर मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीही दिल्या होत्या ना? तेव्हा काहीच फरक पडला नव्हता.”

आई चुळबुळली. “तेव्हा मी चहाबरोबर घ्यायचे.”

“चहाबरोबर?”

“पाणी कोण प्यायला जातंय सकाळी सकाळी.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मी तिथल्या तिथे हिशेब केला: गोळ्या डॉक्टरांच्या, पण चहा बंद केला मी. म्हणजे गोळ्या कामाला लावल्या मीच. घरी येईपर्यंत मी हे बाबांना चार वेळा समजावलं. चौथ्यांदा ते म्हणाले, “कढईचं कुणी नावच घेत नाही.”

आईचं प्रशिक्षण पाच महिने चाललं. आणि मग मागच्या सोमवारी सकाळी ती पहिल्यांदा स्वतःची बस घेऊन आमच्या थांब्यावर आली. इस्त्रीचा गणवेश, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मी चढले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरने बघायचं नसतं.

मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले आणि शेजारच्या काकूंना म्हटलं, “ती माझी आई.”

“हो का? छान चालवते गं. धक्का म्हणून बसत नाही.”

आता एवढं कौतुक झाल्यावर मी गप्प कशी बसणार? मी काकूंना पहिल्यापासून सांगितलं. दहा पूर्णांक एकपासून. मागच्या सीटवरचे दोघंही ऐकायला लागले. मी उभी राहून सांगायला लागले. संकोची पाहुण्यापाशी आले तेव्हा काकू म्हणाल्या, “बाळ, तुझी शाळा कुठली?”

मी सांगितली.

“ती मागे गेली की गं. दोन थांबे झाले.”

मी दप्तर उचलून धडपडत पुढे गेले. बस लाल दिव्याला थांबली होती. “आई, माझी शाळा!”

“गेली,” आई समोर बघत म्हणाली.

“मग थांबली का नाहीस?”

“घंटा वाजली नाही. थांब्यावर कुणी उभं नव्हतं.”

“पण तुला माहीत होतं मी उतरणार ते. तुला आरशात मी दिसत होते.”

“दिसत होतीस की. हातवारे करून भाषण देत होतीस.” दिवा हिरवा झाला. “पुढच्या थांब्यावर उतर. आणि चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं.”

मी घंटा वाजवली. आईने बस थांब्याच्या अगदी रेषेवर थांबवली, एक बोट पुढे नाही की मागे नाही. मी उतरले आणि तीन थांबे उलट चालत गेले.

शाळेच्या दारात उशिरा येणाऱ्यांची वही असते. नाव, वर्ग, वेळ आणि कारण. कारणाच्या रकान्यात मी पुष्कळ विचार करून खरं तेच लिहिलं: ‘आई बस फार छान चालवते.’